दाताची सणक आणि तिचा इलाज

कैरीची फोड खाल्ली की दात आंबतात, हे आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. ते थोड्या वेळाने पूर्ववत होतात आणि आपण विसरूनही जातो. परंतु माठातले पाणी ओठी लावताच ज्याच्या दातातून रोज सणक निघते, त्याला विसरून कसे चालेल? तो दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "डॉक्टर, एवढी कळ थांबवा." शहाणा दंतवैद्य ती लागलीच थांबवीत नाही, आधी तिची जात ओळखतो.

दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचाला स्वतःची संवेदना नसते. त्याखालच्या थरात, म्हणजे दंतिनात, अतिसूक्ष्म नळ्या असतात; चौरस मिलिमीटरभर जागेत हजारोंनी. त्या द्रवाने भरलेल्या असून आतल्या मऊ गरापर्यंत पोचतात. हिरडी उतरली किंवा कवच झिजले की त्यांची तोंडे उघडी पडतात. मग गार पाणी किंवा वारा लागताच आतला द्रव हलतो आणि गरातील नसा चाळवल्या जातात. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी या मताला बळकटी आणली.

ही तोंडे उघडतो कोण? पुष्कळदा आपणच! कडक ब्रश, राखुंडी आणि मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होतात हा निव्वळ भ्रम आहे. हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते.

दंतवैद्य एकेका दातावर हवेचा झोत सोडून पाहतो, दात ठोकून पाहतो, काही चावायला देतो, जरूर तर क्ष-किरण चित्र घेतो. झोत थांबताच कळ थांबली, तर दोष बहुधा उघड्या नळ्यांचा. पण पाणी गिळल्यावरही ठणका रेंगाळत असेल, रात्री झोपमोड होत असेल, तर गरच सुजलेला असण्याचा संभव मोठा. चावताना कळ आली तर दाताला चीर गेलेली असू शकते. अशा दातावर नुसता लेप देणे म्हणजे चोर घरात ठेवून दाराला कुलूप लावणे होय. त्या गराचा उपचार लांबवला, तर पुढे दातही गमवावा लागतो.

नळ्यांचाच दोष ठरला तर इलाज सोपा आहे. दाताच्या मानेशी फ्लोराइडचे व्हार्निश लावतात. काम थोड्या मिनिटांचे. मानेशी खाच पडली असेल तर दाताच्या रंगाचे सिमेंट भरतात. हिरडी फारच उतरली असेल तर टाळूची त्वचा घेऊन ती झाकता येते. रूट कॅनाल अगदी शेवटी. लेप मात्र जन्माचा नव्हे. तो झिजतो, पुन्हा द्यावा लागतो. जोडीला पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट देतात, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवस लावून ट्यूब फेकून देणारे महाभाग थोडे नाहीत!

आणि ब्रश मऊ केसांचा घ्यावा, लेखणीसारखा हलक्या हाताने धरावा. आंबट खाल्ल्यावर नुसती चूळ भरून अर्धा तास थांबावे, मग दात घासावेत.