गाडीच्या साऊंडमधली शिट्टी येते कुठून?

गाडीत हलगीचं गाणं मोठ्या आवाजात लागलेलं असतं, तेव्हा स्पीकरमधली बारीक शिट्टी कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच स्टीरिओवर तंबोऱ्याच्या साथीने चाललेला संथ आलाप लावला, की ती उघडी पडते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावच्या तयार कानाला षड्जात घुसलेला हा उपरा सूर फार वेळ सोसवणार नाही. एक्सलरेटर दाबला की सूर चढतो, पाय काढला की उतरतो, आणि इंजिन बंद केलं की गप्प.

सातारा, कऱ्हाड, सांगली या पट्ट्यात बाहेरून साऊंड बसवून घेतलेल्या गाड्या खूप. ॲम्प आणि वूफर बसला, की काही दिवसांत तक्रार सुरू होते. मालक आधी स्टीरिओ बदलतो, मग स्पीकर, मग कुणीतरी सुचवलेला फिल्टर. खर्च वाढत जातो आणि शिट्टी तशीच राहते. बऱ्याचदा दोष असतो तो डिकीतल्या एका स्क्रूखाली, रंगाच्या थरावर टेकलेल्या निगेटिव्ह वायरमध्ये. तिथवर पोचायचं तर सुटे भाग बदलण्याआधी आवाज नीट ऐकावा लागतो, कारण प्रत्येक आवाजाचा उगम वेगळा असतो.

पेट्रोल गाडीतली टिकटिक घ्या. हाइनरिक हर्ट्झने 1887 च्या सुमारास रेडिओलहरी निर्माण केल्या, त्या ठिणगीच्या मदतीनेच. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगवर मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगीसोबत लहरींचा एक झटका बाहेर पडतो. अमेरिकेत 1930 मध्ये पॉल गॅल्विन, विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांनी मोटारीसाठी रेडिओ तयार केला, तेव्हा इंजिनाच्या या खरखरीला आवर घालणं हेच त्यांच्यापुढचं मोठं काम होतं. पुढे तोच रेडिओ मोटोरोला या नावाने जगभर गेला.

त्या काळचा रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह. सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 साली सुरू झालं तेही याच पट्ट्यात, 1251 किलोहर्ट्झवर. या एएम पद्धतीत लहरीची उंची कमीजास्त करून आवाज पाठवला जातो. ठिणगीचा झटकासुद्धा उंचीच बदलतो, त्यामुळे निवेदकाचा आवाज कुठला आणि प्लगचा कुठला हे रेडिओला कळत नाही. एफएममध्ये उंचीऐवजी कंपनसंख्या बदलते आणि उंचीतले चढउतार रेडिओ छाटून टाकतो. म्हणून सातारा आकाशवाणी 103.1 मेगाहर्ट्झवर साफ ऐकू येते. खंबाटकीच्या डोंगराआड संकेतच क्षीण झाला, तर मात्र एफएमही खरखरते.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्लगच्या आत सुमारे 5 किलोओहमचा रोध असतो. तो ठिणगी पडू देतो, पण लहरींचा जोर मोडतो. काही नामांकित कंपन्यांच्या प्लगवरच्या क्रमांकात त्यासाठी ‘आर’ हे अक्षर असतं. सर्व्हिसिंगनंतर रेडिओत अचानक टिकटिक सुरू झाली, तर नवे प्लग बिनरोधाचे आहेत का, हे आधी पाहावं. डिझेल बोलेरोत ही भानगडच नाही, तिथे स्पार्क प्लग नसतो. डिझेल गाडी शिट्टी घालत असेल तर संशय सरळ अल्टरनेटरवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डायनॅमोवर.

अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज तयार करतो आणि त्यातले डायोड तिची डीसी करतात. ही डीसी पूर्ण सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. समजा इंजिन मिनिटाला 800 फेरे घेतंय आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगाने, म्हणजे 2000 फेरे फिरतोय. त्यात चुंबकीय ध्रुवांच्या 6 जोड्या असतील तर सेकंदाला 1200 लाटा उठतात. इंजिन 2400 वर गेलं की त्याच लाटा 3600 होतात. माणसाचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झमध्ये सर्वांत तीक्ष्ण असतो. शिट्टी बारीक असूनही एवढी टोचते, ती त्यामुळेच.

लाटा तर प्रत्येक गाडीत असतात. मग त्या एखाद्याच गाडीच्या गाण्यात का शिरतात? उत्तर अर्थिंगमध्ये आहे.

गाडीचा पत्रा हीच निगेटिव्ह वायर मानली जाते. डॅशबोर्डमधला स्टीरिओ एका ठिकाणी बॉडी अर्थ घेतो, डिकीतला ॲम्प दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांना जोडणारी आरसीए वायर तिसरा रस्ता उघडते. आता ॲम्प 30 ॲम्पिअर करंट ओढतोय आणि त्याच्या अर्थच्या जोडात फक्त 0.01 ओहमचा अडथळा आहे असं धरू. तेवढ्यानेही 0.3 व्होल्टचा फरक पडतो. स्टीरिओतून निघणारा गाण्याचा संकेतच दोन-चार व्होल्टचा. स्टीरिओचा निगेटिव्ह आणि ॲम्पचा निगेटिव्ह असे वेगळ्या पातळीवर गेले, की अल्टरनेटरच्या लाटा आरसीएच्या जाळीतून गाण्यात मिसळतात. याला ग्राउंड लूप म्हणतात.

या भागातलं हवामान त्यात भर घालतं. महाबळेश्वर, कोयना, पाटणकडे पावसाळाभर गाडी भिजते, अर्थच्या बोल्टखाली आणि अँटेनाच्या बुडाशी गंज चढतो. सीटबेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टला अर्थ बांधणं कामगाराला सोपं पडतं, पण त्या जागी रंग आणि सीलंट असतं. योग्य जागा म्हणजे पॉलिश पेपरने चकचकीत केलेला उघडा पत्रा, घट्ट दाबलेलं थिंबल, आखूड जाड वायर आणि वरून गंज रोखणारा लेप. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या वायरीही त्याच वेळी तपासून घ्याव्यात.

दोष शोधायला फार साहित्य लागत नाही. पहिली पायरी, इंजिन बंद ठेवून फक्त साऊंड चालू करायचा. तरीही आवाज येत असेल तर अल्टरनेटर निर्दोष. दुसरी, इंजिन चालू करून व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. शिट्टी तशीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे आरसीए किंवा ॲम्पपाशी शिरते आहे. व्हॉल्यूमसोबत कमीजास्त झाली तर ती स्टीरिओच्या आधीच्या टप्प्यात मिसळते. तिसरी, साऊंड बंद करून ॲम्पकडच्या आरसीए पिना काढायच्या आणि पुन्हा ऐकायचं. शिट्टी गेली तर ॲम्प ठीक आहे. फक्त रेडिओवर खरखर आणि पेनड्राइव्हवर गाणं स्वच्छ असेल, तर अँटेना आणि तिची अर्थ पाहायची.

मल्टिमीटर असेल तर आणखी दोन मोजमापं घेता येतात. गाणं मोठ्याने चालू असताना ॲम्पचा निगेटिव्ह आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातला फरक 0.1 व्होल्टच्या आत असावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट डीसी दिसतात. तिथेच मीटर एसीवर लावून अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं, तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शक्यता मोठी. अशी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीही उतरलेली सापडू शकते.

सगळ्यांत स्वस्त गुन्हेगार मात्र लायटरच्या सॉकेटमध्ये सापडतो. मोबाइल चार्जिंगला आणि त्याच मोबाइलमधून ऑक्स वायरने गाणं, ही जोडी म्हणजे तयार ग्राउंड लूप. चार्जर उपसला आणि आवाज थांबला, की निदान झालं. ब्लूटूथवर ऐकलं तर तक्रारच उरत नाही. हलके चार्जर, डॅशकॅम आणि बाहेरून बसवलेले एलईडी हेडलाइट यांच्यातली सर्किटं वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, त्यांच्या लहरी थेट रेडिओच्या पट्ट्यात जातात. एकेक वस्तू बंद करून पाहिली की चोर पकडला जातो.

काही आवाज गाडीचे नसतातच. कोयनेहून निघालेल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांखालून जाताना मीडियम वेव्ह घरघरते, दमट हवेत जास्तच, आणि वाहिनी मागे पडली की थांबते. त्यासाठी गॅरेज गाठण्यात अर्थ नाही.

फिल्टर निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. आरसीएच्या मार्गात लावायच्या ग्राउंड लूप आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते निगेटिव्हचा सलग रस्ता तोडतात आणि गाणं पुढे पाठवतात. पण हलक्या प्रतीच्या ट्रान्सफॉर्मरमधून खर्जाचा आवाज नीट जात नाही, आणि वूफर बसवला तो खर्जासाठीच. तेव्हा आधी अर्थ सुधारावी, आरसीए आणि ॲम्पची पॉवर वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यावी, आणि तरीही शिट्टी उरली तरच आयसोलेटर घ्यावा.

जुन्या मेकॅनिकांची एक सवय मात्र मोडायला हवी. अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढली, की क्षणभर मोठा दाब उसळतो आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जळू शकतो. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा नाही. ॲम्पच्या पॉवर वायरचा फ्यूज बॅटरीजवळच असावा, साधारण अर्ध्या मीटरच्या आत, नाहीतर वायर कुठे घासली तर आग लागू शकते.

इलेक्ट्रिक गाड्यांत हा प्रश्न नव्या रूपात आला आहे. ठिणगी नाही, पण मोटर चालवणारा इन्व्हर्टर शेकडो व्होल्टची वीज अखंड तोडत-जोडत असतो आणि मीडियम वेव्हला त्याचा त्रास होतो. अमेरिकेत फोर्डने नव्या गाड्यांतून एएम रेडिओ काढायचं ठरवलं होतं. आपत्तीच्या सूचना त्याच पट्ट्यावरून मिळतात म्हणून टीका झाली आणि मे 2023 मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. भारतात गाडीने किती विद्युतचुंबकीय उपद्रव बाहेर टाकावा याची मर्यादा एआयएस-004 या मानकाच्या तिसऱ्या भागात आहे, आणि वाहनांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे.

कारखान्यातून निघालेली गाडी या कसोटीला उतरलेली असते. नंतर बाजारातून घेतलेला चार्जर किंवा एलईडी बल्ब त्या गाडीसोबत तपासलेला नसतो. तो दुकानासमोरच लावून, रेडिओ एखाद्या क्षीण केंद्रावर ठेवून, ऐकून मग पैसे द्यावेत. खरखर वाढली तर वस्तू तिथल्या तिथे परत करता येते.