स्कँडलाइझ : नैतिक धक्क्याचे क्रियापद

'स्कँडलाइझ' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आहे समाजाच्या नीतिकल्पनेला धक्का देणे. नुसता राग आणणे त्यात बसत नाही. 'असे कोणी करूच कसे शकते?' अशी खळबळ उडाली, की हा शब्द लागू पडतो.

त्याचे ठळक उदाहरण बीदर जिल्ह्यात, बसवकल्याणमध्ये सापडते. बाराव्या शतकात बिज्जळ राजाच्या काळी, चर्मकार समाजातून आलेले शरण (शिवभक्त) हरळय्या यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातून आलेले शरण मधुवरस यांची मुलगी यांचा विवाह झाला. शरणांच्या दृष्टीने ती समतेची सहज परिणती होती, सनातन्यांच्या दृष्टीने घोर अनाचार. परंपरा सांगते, की दोन्ही पित्यांना क्रूर देहदंड मिळाला आणि कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, रक्तपात झाला. इथे धक्का देणारे निरपराध होते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

शब्दाचे मूळ ग्रीक 'स्कँडालॉन' म्हणजे सापळा किंवा अडखळण. बायबलच्या ग्रीक भाषांतरात त्याला पापात पाडणारी गोष्ट असा अर्थ आला. मराठी बायबलमध्येही 'अडखळण' हाच शब्द आहे. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत पोचला. बदनामीसाठीचा 'स्लँडर' हा त्याचाच भाऊबंद.

भारतात हे क्रियापद कायद्यातही आहे. 1971च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार न्यायालयाला 'स्कँडलाइझ' करणे, म्हणजे त्याची अप्रतिष्ठा करणे, हा फौजदारी अवमान ठरतो. इंग्लंड आणि वेल्सने मात्र 2013मध्ये अवमानाचा हा प्रकार रद्द केला.