घरखरेदीनंतरचा पश्चात्ताप आणि समाधान : शहाड परिसराच्या निमित्ताने

घराचा करारनामा नोंदवून झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मनाला लागणारी रुखरुख, म्हणजे आणखी थोडे थांबायला हवे होते किंवा पलीकडच्या संकुलातील सदनिका घ्यायला हवी होती असे वाटणे, हा निर्णय चुकल्याचा पुरावा समजला जातो. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंवादाच्या सिद्धान्ताने, म्हणजे मनातील परस्परविरोधी विचारांमुळे येणाऱ्या अस्वस्थतेच्या उपपत्तीने, याचा वेगळा उलगडा केला आहे: दोन चांगल्या पर्यायांतून एक घेतला की सोडलेल्याचे गुण आणि घेतलेल्याचे दोष टोचू लागतात, आणि ही टोचणी शमावी म्हणून मन घेतलेल्या वस्तूला झुकते माप देऊ लागते. जॅक ब्रेहम यांच्या 1956 च्या प्रयोगात घरगुती उपकरणांपैकी एक निवडल्यानंतर विद्यार्थिनींनी त्याच उपकरणाला आधीपेक्षा अधिक पसंती दिली होती. त्यामुळे सुरुवातीची हळहळ जशी फारशी विश्वासार्ह नाही, तसेच नंतरचे ‘आमचे घर उत्तमच’ हे समाधानही निर्णय बरोबर असल्याची ग्वाही देत नाही.

याहून महागात पडणारा समज असा की, ठाण्यातील लहान घराच्या किमतीत शहाडला ऐसपैस घर मिळत असेल तर प्रवास अंगवळणी पडतोच. शहाड हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणनंतरचे पहिलेच स्थानक आहे आणि कल्याण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 54 किलोमीटरवर आहे. एका स्थानकाचे हे जास्तीचे अंतर नकाशावर किरकोळ दिसते. परंतु मुंबईहून येणाऱ्या कित्येक लोकल कल्याणलाच संपतात, काही कर्जतच्या दिशेने वळतात, आणि शहाडकरांच्या वाट्याला मुख्यतः टिटवाळा, आसनगाव व कसारा याच गाड्या उरतात, त्यामुळे त्यांतील एक चुकली की पुढचीची वाट पाहणे किंवा कल्याणला उतरून रिक्षा शोधणे भाग पडते. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतील माहितीच्या आधारे दाखवून दिले आहे की, लांबच्या प्रवासाची भरपाई घर किंवा पगार यांतून होते हे गृहीतक टिकत नाही आणि प्रवासाचा वेळ वाढतो तसे आयुष्याविषयीचे समाधान घटते. कल्याण, उल्हासनगर किंवा भिवंडी येथे नोकरी असलेल्या कुटुंबासाठी मात्र हेच गणित उलटे ठरते. रविवारी दुपारी नमुना सदनिका पाहून परतणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास फलाटावर उभे राहिले तर ते दिसते.

महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असला की इमारत अधिकृत, हा तिसरा समज कल्याण-डोंबिवलीत अनेक कुटुंबांच्या मुळावर आला. या महापालिकेच्या हद्दीतील 65 इमारतींसाठी पालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांची फसवणूक झाली होती, तरी कर्जाचे हप्ते त्यांच्याच डोक्यावर राहिले. नोंदणी क्रमांक विकासकाने सादर केलेल्या कागदपत्रांवर मिळतो, म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि इमारत राहण्यास योग्य ठरवणारे भोगवटा प्रमाणपत्र ही दोन्ही थेट महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्यावी लागतात. शहाड स्थानकाच्या परिसरात कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या हद्दी एकमेकींना भिडतात, त्यामुळे कोणत्या पालिकेत विचारायचे याची खात्री आधी करावी लागते. उल्हास नदीजवळ घर घेताना पूररेषाही पाहावी: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते, आणि याच नदीने 2005 व 2019 च्या जुलैमध्ये आपले पात्र किती विस्तारते हे दाखवले आहे.

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा आणि हप्ता म्हणजे बचत, हेही अर्धेच खरे आहे. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतलेल्या 30 लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 26,035 रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील 21,250 रुपये व्याजात जातात, आणि पाच वर्षांत साडेपंधरा लाखांहून अधिक रक्कम भरूनही मुद्दल जेमतेम साडेतीन लाखांनी उतरते. देखभाल खर्च आणि मालमत्ता कर यांत धरलेले नाहीत. हे आकडे कर्ज घेण्यापूर्वी माहीत असलेल्यांना धक्का बसत नाही, आणि पाच वर्षांच्या आत घर विकावे लागले तर हाती काय उरेल याचा अंदाज त्यांना असतो.

चावी हाती आल्यावर तक्रारीला वाव उरत नाही, या समजुतीपायी कित्येक जण गळती आणि भेगा मुकाट्याने सोसतात. स्थावर संपदा अधिनियम, 2016 च्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो, म्हणून तक्रार लेखी देऊन पोच घेणे महत्त्वाचे ठरते. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून देण्यास, म्हणजे अभिहस्तांतरणास, विकासक टाळाटाळ करत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो.