सुपरचार्जर आणि इंधनपुरवठा

एंजिनास सुपरचार्जर जोडला म्हणजे सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली जाते. परंतु त्या प्रमाणात इंधन मिळाले तरच शक्ती वाढते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वस्तुमानाने सुमारे १४.७ पट हवा लागते. पूर्ण भाराखाली मिश्रणात इंधनाचा अंश याहूनही अधिक ठेवावा लागतो. तो कमी पडल्यास स्फोटक ज्वलन होऊन पिस्टन निकामी होण्याचा संभव असतो.

इंजेक्टरमधील प्रवाह हा त्याच्या दोन्ही टोकांच्या दाबांतील फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. इंधननळीतील दाब वातावरणाहून ३ बार अधिक असा स्थिर ठेवला आणि सुपरचार्जरने शोषनळीत ०.७ बार जादा दाब निर्माण केला, तर फरक २.३ बार उरतो व प्रवाह सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. आणि तेही हवा वाढलेली असताना. म्हणून दाबनियामक शोषनळीशी जोडून इंधनाचा दाब ३.७ बारपर्यंत चढू द्यावा लागतो.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या चार धावांच्या एंजिनात एक चक्र २० मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टर त्याहून अधिक काळ उघडा राहू शकत नाही. साहजिकच मोठे इंजेक्टर बसविले जातात. परंतु दाब चढतो तसतसा विद्युत्‌पंपाचा पुरवठा घटत जातो, आणि पंप अपुरा असल्यास मोठ्या इंजेक्टरमुळे नळीतील दाबच कोसळतो. तात्पर्य, पंपाची क्षमता मुक्त प्रवाहावरून नव्हे, तर कमाल दाबाखाली मोजूनच ठरविली पाहिजे. इंजेक्टरची निवड त्यानंतरची होय.