नदीतलं प्लॅस्टिक आणि जंतूंचं फाइल शेअरिंग
पॉलिस्टरचा टी-शर्ट धुतला की त्याचे बारीक धागे सांडपाण्यातून नदीत जातात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान असं हे प्लॅस्टिक म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. त्यावर जंतू बुळबुळीत थर करून राहतात, त्याला म्हणतात बायोफिल्म. खरी गडबड इथेच होते. खेटून राहणारे हे जंतू प्लास्मिड नावाचे डीएनएचे गोल तुकडे एकमेकांना देतात, आपण फोनवरून फाइल पाठवतो तसे. त्यात अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं असू शकतात. आणि ती दुसऱ्या जातीच्या जंतूलाही चालतात!

२०१७च्या एका अभ्यासात, पुणे शहरातल्या मुठा नदीच्या गाळात अशी जनुकं शहराच्या वरच्या भागापेक्षा ३० पटींपर्यंत जास्त सापडली. कारण, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी. प्लॅस्टिकचे कणही त्याच पाण्यातून येतात, आणि वाहताना जंतूंना खालच्या गावापर्यंत नेतात.