एक कुलूप काढायला पंधरा वर्षे!

मधल्या सुट्टीत एक प्रयोग करून पाहा. फळ्यावर शून्य लिहा. अजय आणि मीना या दोघांनी वर्गाच्या शेवटच्या बाकांवर बसायचे. प्रत्येकाने फळ्यापाशी जायचे, तेथील आकडा वाचायचा, जागेवर परत येऊन वहीत त्यात एक मिळवायचा आणि पुन्हा फळ्यापाशी जाऊन जुना आकडा पुसून आपला आकडा लिहायचा. अशा दहा-दहा फेऱ्या करायच्या. एकमेकांसाठी थांबायचे मात्र नाही. सर्व फेऱ्या संपल्यावर फळ्यावर कोणता आकडा असेल?

वीस, असे तुम्ही म्हणाल. पण बहुधा तो वीसपेक्षा कमी भरेल. असे का व्हावे? समजा, अजयने ५ वाचले. तो वहीत बेरीज करीत आहे तोवर मीनानेही ५ वाचले. अजयने ६ लिहिले. मागाहून मीनानेही ६ च लिहिले. फेऱ्या दोन झाल्या, पण आकडा एकानेच वाढला. दोघांचीही बेरीज बरोबर, तरी हिशेब चुकला!

जाता जाता एक कोडे. दोघांनीही नियम काटेकोर पाळले, पण फेऱ्यांचा क्रम अगदी वाईटात वाईट जुळून आला, तर शेवटी फळ्यावर कमीत कमी किती आकडा उरेल? विचार करा. उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे.

संगणकातील शर्यत

संगणकातही नेमके असेच घडते. स्मृतीतील आकड्यात एक मिळवायचा, तर प्रोसेसर साधारणपणे तीन कामे करतो: आकडा वाचणे, बेरीज करणे आणि उत्तर परत लिहिणे. दोन प्रोसेसर एकाच आकड्यावर एकाच वेळी काम करू लागले, तर उत्तर कोण आधी पोहोचतो यावर अवलंबून राहते. म्हणून या दोषाला रेस कंडिशन, म्हणजे शर्यतीचा दोष, असे नाव पडले.

हा दोष मोठा लबाड असतो. लाख वेळा काम बिनचूक होते आणि एखाद्याच वेळी क्षणाचा मेळ चुकतो. तपासायला बसावे, तर तो दडून बसतो.

यावरचा उपाय वर्गातही करता येईल. फळ्यापाशी एकच खडू ठेवा. ज्याच्या हाती खडू, त्यानेच आकडा वाचायचा आणि लिहायचा. त्याची फेरी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. आता उत्तर हमखास वीस येईल. संगणकशास्त्रात या खडूला लॉक, म्हणजे कुलूप, म्हणतात. एका वेळी एकालाच आत सोडण्याच्या या प्रश्नाची उकल डच शास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली एका छोट्याशा लेखात मांडली होती.

महाकुलूप

संगणकाची स्मृती, फायली आणि यंत्रे यांची वाटणी ऑपरेटिंग सिस्टिम करते. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचे कर्नेल लिहिले. तुमच्या घरी अँड्रॉइड फोन असेल, तर त्यातही तेच कर्नेल आहे.

सुरुवातीला हे कर्नेल एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेले होते. जून १९९६ मध्ये आलेली २.० ही आवृत्ती एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकांवर चालू लागली. पण ‘आपल्या शेजारी दुसराही कोणी काम करीत असेल’ हा विचार त्या हजारो ओळींत कोठेच नव्हता. म्हणून एक सरधोपट युक्ती योजण्यात आली: सबंध कर्नेलला एकच कुलूप! त्याचे नाव बिग कर्नेल लॉक. आपण त्याला महाकुलूप म्हणू.

एकच प्रोसेसर कर्नेलमध्ये शिरू शके, त्यामुळे धोका टळला. पण मोठ्या वाड्याच्या दिंडीदरवाजाला एकच किल्ली असावी आणि एक जण स्वयंपाकघरात गेला की माडीवर जाणाऱ्यानेही बाहेर तिष्ठत बसावे, तशी गत झाली. सोळा प्रोसेसर असले आणि सगळ्यांनाच कर्नेलकडे काम निघाले, तर पंधरा जण नुसते थांबलेले!

मग कुलूप काढून का टाकले नाही? याचे उत्तर एका दुःखद घटनेतून चांगले समजेल.

कुलूप काढले आणि...

थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा दिली. त्यांपैकी काहींचा मृत्यू ओढवला. चौकशीत शर्यतीचा दोष सापडला. तंत्रज्ञाने भरलेली माहिती झटपट, सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, तर यंत्राची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमला ती दुरुस्ती कळतच नसे.

यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. थेराक-२० या आधीच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही हा दोष होता! पण त्या यंत्रात सुरक्षेची स्वतंत्र विद्युत व यांत्रिक कुलपे होती. चूक झालीच, तर ती यंत्र बंद पाडीत. नव्या यंत्रात ती कुलपे काढून सारी भिस्त प्रोग्रॅमवर ठेवली गेली आणि लपलेला दोष उघडा पडला.

कुलूप दोष दूर करीत नाही, तो झाकून ठेवते. म्हणून ते काढण्यापूर्वी त्याने काय काय झाकले आहे, हे पाहावेच लागते. महाकुलपाने तर सगळेच झाकले होते आणि ते नेमके कशाचे रक्षण करते, हे बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेले नव्हते. शिवाय त्याच्या सवयी विचित्र होत्या. किल्ली घेतलेले काम डिस्कची वाट पाहत झोपी गेले, की कर्नेल गुपचूप किल्ली काढून घेई आणि ते जागे झाले की परत देई. म्हणजे पहारा मध्येच उठत असे!

एकेक खोली, एकेक किल्ली

प्रोग्रॅमरांनी धीराने काम केले. आधी महाकुलूप दिंडीदरवाजावरून काढून आतल्या प्रत्येक खोलीच्या दाराशी नेले. मग एकेक खोली तपासली. येथे कोणती माहिती सामाईक आहे? तिला कोण कोण हात लावतो? तेवढ्याच माहितीला छोटे कुलूप लावले आणि महाकुलूप तेथून हटवले.

पण कुलपे पुष्कळ झाली की नवा पेच उभा राहतो. एकाने पहिली किल्ली घेतली आहे आणि तो दुसरीची वाट पाहतो; दुसऱ्याने दुसरी घेतली आहे आणि तो पहिलीची वाट पाहतो. दोघेही कायमचे अडकले! याला डेडलॉक म्हणतात. सर्वांनी किल्ल्या ठरलेल्या क्रमानेच घ्यायच्या, हा त्यावर उपाय. २००६ साली लिनक्समध्ये आलेले लॉकडेप हे साधन क्रम मोडणाऱ्याला लगेच पकडते.

काही ठिकाणी कुलूपच नको असते. समजा, एका नोंदीबरोबर ती किती जण वापरत आहेत याचा आकडा ठेवला आहे. तो शून्य झाला की नोंद टाकून द्यायची. पहिल्या प्रोसेसरने १ चे शून्य केले आणि तो नोंद टाकायला निघाला. तेवढ्यात दुसऱ्याला यादीत ती नोंद दिसली व त्याने शून्याचे १ केले. पहिल्याने नोंद टाकली. दुसऱ्याच्या हाती आता केवळ कचरा! येथे प्रत्येक पायरी वेगवेगळी अखंड करून भागत नाही. ‘कमी कर आणि शून्य झाले का पाहा’ हे एकच अखंड काम हवे. तसेच ‘शून्य नसेल तरच वाढव’ हेही. पाहणे आणि करणे यांच्यामध्ये फट राहता कामा नये.

शिवाय टाकलेली नोंद त्याच क्षणी फाडायचीही नाही. सूचनाफलकावर नवे वेळापत्रक लावले, तरी जुने वाचीत असलेल्याच्या हातून ते हिसकावून घेत नाहीत. त्याचे वाचून झाले की मग फाडतात. २००२ साली लिनक्समध्ये आलेली आर.सी.यू. ही पद्धत असेच करते.

लपलेले दोष शोधण्यासाठी के.सी.सॅन हे साधन २०२० साली आले. ते एखाद्या आकड्यावर पाळत ठेवते आणि मुद्दामच क्षणभर रेंगाळते. तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरने त्याच आकड्याला हात लावला, की शर्यत उघडकीस येते. अशा साधनांची गरज का, ते पाहा. ‘डर्टी काऊ’ नावाचा शर्यतीचा दोष लिनक्समध्ये २००७ पासून दडून होता. त्याचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता संगणकाचा मालक बनू शके. तो २०१६ साली दुरुस्त झाला.

महाकुलूप मात्र मे २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत पूर्णपणे गेले. अखेरचे बरेचसे काम आर्न्ट बर्गमन यांनी केले. १९९६ साली घाईत लावलेले कुलूप काढायला पंधरा वर्षे लागली. तुम्ही पुढे प्रोग्रॅम लिहू लागाल, तेव्हा कुलूप लावतानाच त्याच्याजवळ एक ओळ लिहून ठेवा: ‘हे अमुक गोष्टीचे रक्षण करते.’ तुमच्यानंतर येणाऱ्याची कितीतरी वर्षे वाचतील.

कोड्याचे उत्तर: दोन! अजय ० वाचून जागेवर जातो. मीना आपल्या नऊ फेऱ्या पुऱ्या करते. फळ्यावर ९ येतात. आता अजय ते पुसून आपले १ लिहितो. मीना दहाव्या फेरीसाठी ते १ वाचून जागेवर जाते. अजय उरलेल्या नऊ फेऱ्या करून १० लिहितो. शेवटी मीना येते आणि १० पुसून आपले २ लिहिते.