जुळ्यांच्या शेवटच्या महिन्यांत दवाखाना बदलताना
जुळ्यांची निम्म्याहून अधिक बाळंतपणं ३७ आठवड्यांआधीच होतात. म्हणून दवाखाना बदलायचाच तर बत्तिसाव्या आठवड्याच्या आत बदललेला बरा. उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. कुठंही जायचं ठरलं तरी आधी विचारावं: नवजात अतिदक्षता कक्षात एकाच वेळी दोन बाळांची सोय होईल का? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? नव्या दवाखान्यात न्यायच्या फाईलमधला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीचा अहवाल. वार एक की दोन, हे तेव्हाच नीट दिसतं. पुढं ते ओळखणं अवघड होतं, आणि प्रसूती कधी करायची हे बरंचसं त्यावरच ठरतं. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त जाऊ लागलं, तर मात्र बदलाचा विचार सोडून १०८ला फोन करावा.